पाठदुखीचं निमित्त

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आज सकाळी आंघोळीच्या वेळी लक्षात आलं की लिंगाच्या वरच्या बाजूने एक शीर फुगली आहे. मुळापासून निघून पार पुढपर्यंत, सुतळीसारखी. बोटाने दाबली तर दबत नाही. डाव्या बाजूला नाण्याएवढा जांभळा डाग आहे. लघवीला त्रास नाही. चालताना ओढ बसते.

कारण शोधायला लांब जायला नको. काल दोघांनाही सुटी होती आणि दुपारभर आम्ही घरातच होतो. मी चोपन्न वर्षांचा, ती सत्तेचाळीसची. लग्नाला जेमतेम चार महिने झालेत. दोघांचंही दुसरं. माझी पहिली बायको आजारात गेली, हिचा पहिला नवरा घर सोडून गेला. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्यासाठी दार लावून घेतं याचंच अप्रूप, त्यात वयाचं भान राहिलं नसणार. त्या वेळी काही दुखलं नव्हतं. संध्याकाळी चहा पिताना ती स्वतःशीच हसत होती. का, ते मी विचारलं नाही.

तिला काही सांगितलेलं नाही. उतरेल दोन दिवसांत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

उतरलेलं नाही. डाग पसरून तळव्याच्या खळग्याएवढा झाला आहे.

माझं काम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्याचं. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली जादा ब्रेक असतो त्यावर पाय ठेवायचा. आजवर हे बैठं काम म्हणून मी त्याला नावं ठेवत आलो. आज कळलं की हे बैठं नाही, आपटण्याचं काम आहे. सकाळच्या वेळेला एक निवृत्त गृहस्थ येतात, ते क्लच असा सोडतात की गाडी बेडकासारखी उडी मारते. प्रत्येक उडीला डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते म्हणाले, "सर, आज तुम्ही माझ्या चुका काढत नाही आहात. सुधारतोय का मी?" मी हो म्हणालो.

घरी चालण्यावरून तिने ओळखलं. "काय झालं?"

"पाठ धरलीय."

तिने गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि म्हणाली, "पालथे झोपा, मी चोळून देते." पालथं झोपणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "राहू दे, हात नको लावूस. मऊ गादीने वाढतंय, आज बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपतो." ती उशी हातात धरून दारात जरा वेळ उभी राहिली, मग उशी ठेवून गेली. काही विचारलं नाही. समजूतदार आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्याकडे गाडी शिकवणारा आणखी एक जण आहे. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. त्याला चहाच्या वेळी सांगितलं की माझ्या एका मित्राला असं असं झालंय. त्याने मान हलवून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या मित्राला सांग, कोमट तेल लाव आणि तोंड बंद ठेव. बायकोला तर अजिबात सांगू नकोस. बायका मनात नाही नाही ते धरतात." एवढं बोलून त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पुढे म्हणाला, "मित्राला गादीवर बसायला सांग." दुपारी माझ्या सीटवर एक जाड उशी ठेवलेली होती. ठेवली कुणी, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मनाशी सगळं जुळवून गेलो होतो, अगदी शब्दांसह. पण त्या आमच्या लग्नाला आलेल्या. आत गेल्याबरोबर म्हणाल्या, "काय म्हणतोय नवा संसार?" माझ्या तोंडाला कुलूप लागलं. "पाठ," एवढंच निघालं. त्यांनी पाठीचे व्यायाम लिहून दिले.

आता रोज सकाळी तिच्या देखत ते व्यायाम करावे लागतात. ती शेजारी बसून कागद वाचते आणि माझा गुडघा चुकीचा वाकला की सांगते.

१५ फेब्रुवारी, रविवार

डाग मधोमध काळा, कडेने जांभळा. शीर तशीच टणक. सकाळी झोपेतून उठताना जो आपोआप ताण येतो त्याने जीव कळवळतो. मनात नको ते येतं. पहिल्या बायकोचं दुखणंही अशाच एका गाठीने सुरू झालं होतं. त्यानंतर दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, त्या हिरव्या बाकांवर, मी किती बसलो त्याला गणती नाही. तिथे पुन्हा जायला मन तयार नाही. घरी बसलं की काय आहे ते कळत तरी नाही.

दुपारी ती केस कापून आली. खांद्यापर्यंत. आजवर लांब वेणी होती. समोर उभी राहून म्हणाली, "कशी दिसते?"

मी नेमका त्याच वेळी खुर्चीत बसण्याचा बेत आखत होतो, कारण आता बसायलाही बेत लागतो. म्हटलं, "छान. उन्हाळ्यात सोयीचं पडेल."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. भांडी तर दुपारीच घासून झाली होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ती पडद्यांच्या दुकानात काम करते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड निवडून द्यायचं, शिवून घ्यायचं. दुकानाच्या मालकीणबाई शेजारच्या गावात नवी शाखा काढतायत. हिला तिथलं काम बघायला सांगितलंय. दुकानावर राहायला खोली आहे. गाडीने तासाभराचं अंतर.

जेवताना तिने हे सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. काही आठवडे ती तिकडे राहिली तर तोवर हे काय असेल ते ओसरेल, आणि रोज सतरंजी घालण्याचं सोंग वठवायला नको. म्हटलं, "संधी चांगली आहे. घे तू."

"सुरुवातीला तिथेच राहावं लागेल."

"राहा की. माझी काळजी करू नकोस, मला एकट्याची सवय आहे."

"बरं," ती म्हणाली. ताटात भात होता तो तसाच ठेवून उठली. कामाचं दडपण आलं असावं.

तिने एक चांगलं केलं. पहिल्या बायकोचा फोटो लग्नाच्या वेळी मी कपाटात ठेवला होता. तिने तो काढून, पुसून, पुन्हा भिंतीवर लावला. मोठ्या मनाची आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डाग पिवळट व्हायला लागला. शीर आहे तशीच.

मुलीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. आमच्या लग्नासाठी माझ्या मागे लागली होती ती हीच. हिला ती मावशी म्हणते. म्हणाली, "बाबा, मावशींचा फोन आला होता."

"नव्या शाखेचं सांगितलं असेल."

"ते सांगितलंच. मग विचारलं, बाबा आईशी बोलायचे का. म्हणजे मनातलं."

"तुझ्या आईशी? बोलायचो की."

"नाही बोलायचात," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही शिकवता ना लोकांना, दर थोड्या वेळाने आरशात मागे बघायचं म्हणून?"

"हो. का?"

"काही नाही. सहज."

जावई गाडी घेतोय की काय कोण जाणे.

२२ फेब्रुवारी, रविवार

ती आज गेली. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणाचं मशीन. मशीन तिथे दुकानात आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "माझं मला बरं पडतं."

बॅगा उचलायला मी वाकलो, तर तिने थांबवलं. "तुमची पाठ." तिने स्वतः सगळं खाली नेऊन आमच्या गाडीत ठेवलं. मग म्हणाली, "सोबत चला ना तिथपर्यंत. मोठ्या रस्त्यावर मी एकटीने कधी चालवली नाही." ती माझ्याकडेच गाडी शिकलेली, ओळखही तिथलीच. तासभर खड्ड्यांतून जायचं आणि बसने पुन्हा तासभर यायचं, हे मला झेपणारं नव्हतं. म्हटलं, "तुला आता कुणाची गरज नाही. सरळ बघून चालव."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. गाडी वळणावर नीट घेतली, इशारा देऊन. शिकवलेलं वाया गेलं नाही.

संध्याकाळी पोचल्याचा फोन आला नाही. मी केला, तर तिच्या वहिनीने उचलला. ती वाटेत भावाकडे थांबली होती. वहिनी म्हणाल्या, "झोपलीय ती. तुमचं सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "सगळं ठीक. जरा पाठ धरलीय." त्या म्हणाल्या, "हो, ते ऐकलं आम्ही."

बोलण्याची तऱ्हा जरा विचित्र वाटली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी निवृत्त गृहस्थांसमोर एक सायकलवाला आडवा आला. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून डोळ्यांवर घेतले. मी जादा ब्रेक दाबला. कुणाला काही झालं नाही, पण पट्टा कमरेत असा आवळला की मला घाम फुटला आणि समोरचं अंधुक झालं. गृहस्थ गाडी बाजूला लावायला विसरले होते. मागे हॉर्नचा गोंगाट. भोंगा दुसऱ्या गाडीतून उतरून आला, मला बाहेर काढून त्याने आपल्या गाडीत घातलं आणि हळू आवाजात, जो त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणाला, "पुरे झाला आता तुझा मित्र. चल."

मोठ्या दवाखान्यात मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. तो बाहेर बसून राहिला. बाकं निळी होती.

डॉक्टर वयस्क, त्यांना सर्दी झालेली. मी पाठ म्हणणार होतो, पण त्यांच्या दारावरची पाटी बघता ते शक्य नव्हतं. सांगितलं. त्यांनी तपासलं, अगदी माझे शिकाऊ लोक बॉनेट उघडून बघतात तितक्या निर्विकारपणे. विचारलं, "त्या वेळी काही तुटल्यासारखा आवाज आला होता?"

"नाही."

"ताठरपणा एकदम गेला, लगेच सुजून काळंनिळं झालं, असं?"

"नाही. दुसऱ्या दिवशी दिसलं. तेव्हा काहीच दुखलं नव्हतं."

"लघवीतून रक्त?"

"नाही."

पूर्वी कुठे रक्ताची गुठळी झाली होती का, पाय सुजतात का, कुठली औषधं चालू आहेत, तेही विचारलं. मग सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या तंत्रज्ञाने गार जेल लावलं आणि सगळा वेळ पडद्याकडेच पाहिलं, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नाक पुसलं. "कातडीखालच्या वरवरच्या शिरेत रक्त गोठलंय. म्हणून ती दोरीसारखी लागते. संबंध जरा जोरात किंवा जास्त वेळ झाले तर होतं असं कधीकधी. डाग म्हणजे बाजूची बारीक वाहिनी फुटून रक्त साकळलं, ते जिरत आलंय. शीरही मऊ पडेल. सहा-आठ आठवडे म्हणा. दुखणं थांबेपर्यंत संबंध नकोत. सूज उतरायच्या गोळ्या देतो."

"म्हणजे दुसरं काही नाही? गाठ वगैरे?"

"दुसरं काही नाही."

जीव भांड्यात पडला. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "पण एक ध्यानात ठेवा. मी आवाजाचं विचारलं ना, तसं झालं असतं तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागली असती. तेव्हा असे लाजत बसला असतात तर कायमचं नुकसान. आणि घरी काय म्हणतात?"

"घरी सांगितलं नाही. पाठदुखी सांगितलीय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्या रविवारनंतर तुम्ही त्यांच्याजवळ गेला नाहीत, आणि का ते त्यांना माहीत नाही."

"बाहेरच्या खोलीत झोपतो. गादीमुळे."

"आणि त्यांना ते पटलंय?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. मग मला एकदम ती भांडी आठवली, दुपारीच घासलेली. केस आठवले. मशीन आठवलं. हे सगळं मीच इथे लिहून ठेवलंय, माझ्याच हाताने, आणि लिहिताना मला काहीही दिसलं नाही.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. बसने गेलो.

नवं दुकान बसस्टँडपासून जवळच आहे. ती शिडीवर चढून दांडी लावत होती, खाली एक गिऱ्हाईक बाई कापड चाचपत होत्या. मला पाहून ती म्हणाली, "तुम्ही? पाठ?"

"पाठ ठीक आहे. पाठीला कधीच काही झालं नव्हतं."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. शिडीवरून उतरून गिऱ्हाइकाला म्हणाली, "ताई, मी आले, तुम्ही बघा तोवर." आम्ही वरच्या खोलीत गेलो. एक खाट, एक टेबल, खिडकीजवळ मशीन. खिडकीला मात्र पडदा नव्हता. ती खाटेवर बसली नाही, मशीनच्या स्टुलावर बसली. "सांगा. जे काय असेल ते एकदाच सांगा. मला अर्धं ऐकायची ताकद नाही."

मी सांगितलं. उभ्यानेच. शीर, डाग, सतरंजी, डॉक्टरबाई, व्यायाम, सगळं. सांगताना कानशिलं तापली होती.

शेवटी ती म्हणाली, "दाखवा."

"इथे?"

"मग कुठे? दाखवा."

तिने मशीनवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर लावला, मला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, समोरच्या इमारतीत कुणी नाही याची खात्री केली आणि वाकून बघितलं. कापडातला दोष बघावा तसं. एक बोट अगदी हलकं लावलं. "दुखतंय?"

"आता कमी."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने चष्मा काढला आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मी कपडे सारखे केले. खालून गिऱ्हाईक बाईंनी हाक मारली, "अहो, हे किती मीटर लागेल?" ती रडताना थांबून, अगदी साफ आवाजात म्हणाली, "साडेचार," आणि पुन्हा रडू लागली.

मग बोलली. पहिल्या नवऱ्याबद्दल मी कधी खोदून विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. "तोही आधी बाहेरच्या खोलीतच गेला. म्हणाला, उकडतं. मग ऑफिसचं काम उशिरापर्यंत असायला लागलं. मग गेला. कारण कधी सांगितलंच नाही. शेजारच्या बायका मला विचारायच्या, मी काय सांगणार? या वेळी म्हटलं, कुणी धक्के मारून काढण्याआधी आपणच आपलं सामान उचलावं. केस कापून बघितले. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात सोयीचं."

"मला तेव्हा बसायचं होतं," मी म्हटलं. याहून वाईट वाक्य मला सुचलं नसतं, पण खरं तेच होतं.

तिच्या ओठांचा एक कोपरा जरासा हलला, पण हसली नाही. "मी आठ-दहा दिवस तुमचे गुडघे सरळ करत बसले. त्या व्यायामांसाठी."

"चूक झाली."

"झाली. आणि मी लगेच घरी येणार नाही. मालकीणबाईंना शब्द दिलाय, आणि मला हे काम आवडतंय. रविवारी येईन. इतर सुटीच्या दिवशी तुम्ही या." मग उठून ओढणी नीट केली. "पुन्हा असं काही लपवलंत, तर मी विचारायला थांबणार नाही."

खाली जाताना जिन्यात ती माझ्या पुढे होती. मागे न बघता तिने हात मागे केला, कठड्यासारखा, मी धरण्यासाठी.

८ मार्च, रविवार

ती काल रात्रीच आली. सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. आम्ही एका गादीवर झोपलो, नुसतेच. बोलत. मला बोलायचा सराव नाही, तिला आहे. भोंग्याबद्दल सांगितल्यावर मात्र ती पोट धरून हसली. पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवरच ठेवूया, असं म्हणाली. आता तो बघायची सवय झाली म्हणे.

शीर मऊ पडतेय.

९ एप्रिल, गुरुवार

शेवटची तपासणी होती. तिने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि माझ्यासोबत आली. मी म्हटलं होतं, बाहेर बस. ती माझ्या मागोमाग आत शिरली.

डॉक्टरांनी तपासलं. शीर पूर्ववत. "आता काही बंधन नाही. फक्त घाई नको," ते म्हणाले. मी उठलो. ती उठली नाही.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की डॉक्टरांनी कान पुढे केला. "हे माझ्यामुळे झालं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेच पाहिलं. "नाही. कुणाच्याच चुकीने नाही. शीर आहे, कधी गोठते. जिन्यात पाय मुरगळला तर आपण दुसऱ्या माणसाला दोष देत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने पर्स उचलली आणि त्यांना नमस्कार केला.

मी सगळं सांगून मोकळा झालो होतो, अशी माझी समजूत होती. ती मात्र तेव्हापासून हा प्रश्न मनात घेऊन दर रविवारी घरी येत होती, माझ्याशी हसत होती, माझ्या गोळ्यांची आठवण करत होती.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "आणखी काही विचारायचं राहिलंय?"

"आहे बरंच. पण डॉक्टरांना नाही."

ती चालकाच्या सीटवर होती. किल्ली लावायची सोडून तिने ती मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून बसली. मी सीटचा पट्टा सोडला आणि तिच्याकडे वळलो.